मंगलाबाईंची निळी टाकी

मंगलाबाईंना मी फार ओळखत होतो असं म्हणता येणार नाही. साकोलीला हायवेच्या कडेला आमची टिनाची दुकानं एकमेकांना लागून होती. माझं शिलाईचं, त्यांचं टायर-पंक्चरचं. मध्ये फक्त एक पत्रा. पण शेजारी असणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. त्या शाळेत किती शिकल्या, नवरा गेल्यावर रडल्या की नाही, रात्री झोप लागायची की नाही, हे मला ठाऊक नाही. विचारायचा माझा स्वभाव नाही आणि सांगायचा त्यांचा नव्हता.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी त्यांची सून अपेक्षा माझ्याजवळ आली. म्हणाली, "काकाजी, तुमी दोन शब्द बोला. त्याईच्या शेजारी तुमीच सगळ्यात जास्त बसले." मी उभा राहिलो. समोर बरीच माणसं बसली होती. "चांगल्या होत्या," एवढं म्हणून खाली बसलो. घरी आल्यावर वाटलं, निदान टाकीची गोष्ट तरी सांगायला हवी होती. ती आता लिहून काढतो. काही चुकलं तर ताराचंद वेल्डरला विचारावं, तो तिथेच होता.

दुकान मुळात परसरामचं, म्हणजे मंगलाबाईंच्या नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे दुकान बंद होणार. मुलगा जीवन ट्रकवर होता, महिन्यातून एखाद-दोन वेळा घरी यायचा. मुलगी रुचिता शहापूरला दिलेली. त्या बौद्ध, तेरवीसारखं काही त्यांच्याकडे नसतं. चार दिवस झाले आणि एका सकाळी मंगलाबाईंनी शटर वर केलं, पदर खोचला आणि एका ट्रॅक्टरच्या चाकाखाली जॅक लावला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाई, तुमच्यानं होईन काय?" त्या म्हणाल्या, "तू उतर तं खाली. तुझंच वजन जास्त हाय." त्यानंतर त्यांना तसं विचारणारा मी तरी पाहिला नाही.

पंक्चरच्या दुकानाचा जीव हवेच्या टाकीत असतो. आडवं लोखंडी पिंप, त्याच्यावर मोटर आणि पंप. मोटर हवा दाबून दाबून टाकीत भरते, टाकी भरली की आपोआप बंद होते, आणि टाकीतली हवा नळीने टायरात जाते. परसरामची टाकी निळी होती. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याच्याच दिवशी, नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या आदल्या दिवशी तो दुकान धुवायचा आणि टाकीला निळ्या ऑइल पेंटचा एक हात द्यायचा. मीही दसऱ्याला माझ्या मशीनला तेल देऊन हार घालतो. त्यामुळे त्या सुमारास आमच्या दोन्ही दुकानांत सारखीच गडबड असायची. परसराम गेल्यावर मंगलाबाईंनी ते रंग देणं चालू ठेवलं. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा हात. रस्त्यावरची माणसं म्हणायची, "मंगलाबाईची टाकी पाहा, शोरूममधून आणल्यासारखी."

थंडीत त्या टाकीला पाठ लावून बसायच्या. मोटर चालली की टाकी कोमट होते. गिऱ्हाईक नसलं की लोखंडी स्टूल टाकीला टेकवायचा, शाल गुंडाळायची आणि डोळे मिटायचे. मी कधी चहा घेऊन गेलो तर म्हणायच्या, "या काकाजी, शेकून घ्या. सरकारी शेगडी हाय." मीही टेकायचो.

टाकीची गोष्ट घडली ते वर्ष बरंच अलीकडचं आहे. धानाची मळणी जोरात होती. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर रांगेने जायच्या, आणि त्यांतली एखादी रोज मंगलाबाईंच्या दारात एका बाजूला कलंडून उभी असायची. वर्षातली खरी कमाई तेव्हाच.

एका सकाळी अपेक्षा झाडता झाडता थांबली.

"आई, इथली माती कोण नेऊन राहिलं?"

टाकीखाली ताटाएवढी जागा स्वच्छ होती. भोवतीची माती पंख्यासारखी पसरलेली.

"उंदीर असन," मंगलाबाई म्हणाल्या.

"उंदीर काय झाडू घेऊन येते?"

मंगलाबाईंनी वाकून कान लावला. मग साबणाचं पाणी कालवलं आणि ब्रशने टाकीच्या पोटाला लावलं. एका जागी निळ्या रंगाचाच फोड फुगला आणि त्याच्या टोकातून बारीक बुडबुडे निघायला लागले. मी पत्र्याच्या या बाजूने डोकावलो होतो.

"एवढंसं तं हाय, सुईच्या नाकाएवढं," त्या मला म्हणाल्या. "काकाजी, हे तुमच्या कामाचं. एक टाका मारून द्या."

त्या दिवशी त्यांनी सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापली, टाकीला दोन-तीन वेढे दिले आणि तारेने आवळली. आमच्याकडे काहीही गळलं, तुटलं, सैल झालं तर ट्यूबची पट्टी हाच पहिला इलाज. एक-दोन दिवस बरं चाललं. मग मोटर पुन्हा घडीघडी चालू व्हायला लागली. हवा कोणी घेत नसतानाही टाकी रिकामी होत होती. तेव्हा त्यांनी ताराचंदला हाक मारली.

ताराचंदचं वेल्डिंगचं दुकान आमच्यापासून दोन दुकानं पलीकडे. आवाज मोठा, बोलणं त्याहून मोठं. "या रोडवर फाटलेलं काही असन तं माझ्याकडे आणा, माणसाचं मन सोडून," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ट्रॉलीचे हूक, नांगर, गेट, लग्नातल्या मोडक्या खुर्च्या, सगळं तो जोडायचा. त्याने कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ये गा ताराचंद," मंगलाबाई म्हणाल्या. "पोटाले एक थेंब मार. ट्रॉलीवाले थांबले हायेत."

त्याने आधी हवा पूर्ण सोडायला लावली. मग खिशातली छोटी हातोडी काढली आणि टाकीवर ठोकून पाहिली. वर टण आवाज आला, बाजूला टण, आणि खाली आल्यावर ठप. त्याने पुन्हा ठोकलं, पुन्हा ठप. छिन्नीने थोडा रंग खरवडला तर रंगाबरोबर गंजाचे पापुद्रे खाली पडले. तो उठून उभा राहिला.

"मी नाही मारत, बाई."

"काहून? हात दुखून राहिला काय?"

"हात नाही. याचं पोट पातळ झालं हाय. भोक एकच दिसते, पण आजूबाजूचा पत्रा आतून खाल्लेला हाय. मी आग लावली तं भोक बुजन, अन् बाजूचा पत्रा आणखी कमजोर होईन. मंग तुमी हवा भरसान. तो पत्रा कधी जाईन, ते मी नाही सांगू शकत."

"मागच्या साली टँकर जोडला ना तू? तो नाही फुटला."

"तो पाण्याचा होता. पाणी गळते, बाई. हवा गळता गळता फुटते."

"लहान पट्टी लाव वरून."

"पट्टी टिकन. पत्रा नाही टिकन."

बाहेर ट्रॉलीवाले ऐकत उभे होते. मंगलाबाईंना राग आला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. "ताराचंद, आजपासून तुझा बोर्ड उतरव," त्या म्हणाल्या. "अन् नवीन लिही, इथे फक्त खुर्च्या जोडून भेटतीन."

लोक हसले. ताराचंदचे कान लाल झाले. तो म्हणाला, "बरं, मारून देतो. मंग तुमी तिथेच पाठ लावून बसान?"

"बसीन ना. माझी जागा हाय ते."

"म्हणूनच नाही मारत," तो म्हणाला आणि हातोडी खिशात घालून निघून गेला.

दुपारभर मंगलाबाई हातपंपाने सायकली आणि मोटारसायकली भरत राहिल्या. ट्रॉल्या मात्र पुढच्या दुकानांवर गेल्या. हायवेवर थोडं पुढे आणखी एक वेल्डर होता. त्याला निरोप गेला. तो सकाळी येतो म्हणाला. मंगलाबाईंनी हे मला पत्र्यावरून सांगितलं, आणि मग परसरामचं नाव न घेता म्हणाल्या, "टाकी त्याईच्या हातची हाय, काकाजी. भंगारात कशी टाकू?"

मला लोखंडातलं काही कळत नाही. त्या बोलायच्या तेव्हा त्यांचं खरं वाटायचं आणि ताराचंद बोलायचा तेव्हा त्याचं. पण एवढं समजत होतं की सकाळी तो दुसरा वेल्डर आला, तर दुपारपर्यंत टाकी भरलेली असेल आणि त्या तिला टेकून बसलेल्या असतील.

संध्याकाळी ताराचंद माझ्याकडे आला. हातात एक फाटलेली पँट होती. ती घडी करून बाजूला ठेवली आणि बसला.

"काकाजी, मी पहिले छत्तीसगडच्या बाजूले काम करत होतो," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "तिथे एका पंक्चरवाल्याच्या टाकीले मी पॅच मारला. चांगला मारला. एक दिवस तो मालक घरी जेवाले गेला होता, म्हणून वाचला. टाकी छत फाडून गेली अन् मागच्या धानाच्या बांधीत पडली. मी पाहाले गेलो. माझा पॅच जसाच्या तसा होता. बाजूचा पत्रा उलगडला होता, केळाच्या सालीसारखा."

"मग हे बाईंना सांग ना."

"चारचौघांत कसं सांगू? तुमी चला संग."

"माझं ऐकतील काय त्या?"

"तुमचं नाही ऐकन. पण तुमच्यासमोर मले शिव्या कमी देईन."

आम्ही गेलो. त्याने ती गोष्ट सांगितली. मंगलाबाई हातातला टायर खाली न ठेवता ऐकत होत्या.

"ते टाकी वेगळी असन," त्या शेवटी म्हणाल्या.

"असन ना. म्हणून म्हणतो, हिलेच विचारू. गावागावांत नळाची लाइन टाकून राहिले, त्या प्लंबरजवळ पाइप तपासाचा हातपंप असते, मीटर लावलेला. टाकीत काठोकाठ पाणी भरू अन् पंपानं दाब देऊ. पाणी दाबलं तरी हवेसारखं दबत नाही. टाकी गेली तरी पाणी नुसतं सांडते, उडत नाही. हवेनं तपासाची हिंमत माझ्यात नाही."

"अन् टिकली तं?"

"टिकली तं तुमी म्हणसान तसं."

मंगलाबाईंनी टायर खाली ठेवला. "घेऊन ये तुझा पंप. पण टिकली तं तुझा बोर्ड मी माझ्या हातानं रंगवीन, ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर आणि पंप टाकीवरून उतरवले. टाकी दुकानाबाहेर मोकळ्या जागी आणली. अपेक्षा आणि मी बादल्यांनी पाणी ओतत होतो; माझ्यापेक्षा तिच्याच जास्त झाल्या असतील. ताराचंद पुन्हा पुन्हा टाकी हलवून पाहायचा. "वर हवेचा एक घोटही राहाले नाही पाहिजे. राहिली तं खेळ बदलते," म्हणायचा. टाकी तोंडापर्यंत भरून पाणी वरून वाहायला लागलं तेव्हा त्याने तोंड बंद केलं आणि नळी जोडली. भोकावर तीच ट्यूबची पट्टी आवळून ठेवली होती. मग त्याने आम्हाला सगळ्यांना उभ्या ट्रॉलीच्या मोठ्या चाकामागे पाठवलं आणि स्वतः नळीच्या दुसऱ्या टोकाला, लांब बसून पंप मारायला लागला.

तो दुसरा वेल्डरही आला होता. तोही आमच्यासोबत चाकामागे उभा राहिला.

मीटरचा काटा हळूहळू चढत गेला. रोज ज्या आकड्यावर मोटर बंद व्हायची, तिथे येऊन थांबला. ताराचंदने हात थांबवला. टाकी तशीच. पट्टीतून पाण्याची बारीक धार, बाकी काही नाही.

"पाह्य," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "रंगाचा डबा आणू काय रे ताराचंद?"

"थांबा ना जी. टाकी रोजच्या आकड्यावर नाही तपासत. त्याच्यावर नेऊन तपासते." आणि त्याने पुन्हा दांडा दाबला. एकदा. आणखी एकदा.

तेव्हा जो आवाज आला तो मी ओळखला. नवं कोरं कापड उभ्या धाग्यात फाडलं की तसा आवाज होतो. चर्र. धडाका नाही, काही नाही. टाकीच्या पोटातून पाण्याचा पडदा बाहेर पडला, आमच्या पायांपर्यंत आला आणि उतारावरून रस्त्याच्या नालीत गेला. काटा एकदम खाली पडला.

आम्ही चाकामागून बाहेर आलो. मग मंगलाबाई म्हणाल्या, "पण रोजच्या आकड्यावर तं टिकली होती."

"हो," ताराचंद म्हणाला. "आजपर्यंत."

टाकी उलटी केली. वीतभर लांब चीर पडली होती, भोकापासून मागच्या बाजूला गेलेली. ज्या बाजूला स्टूल असायचा ती बाजू. चिरेच्या काठावर रंगाचे थर दिसत होते, निळ्यावर निळा, कांद्यासारखे. रंगच जाड होता. लोखंड कागदासारखं झालं होतं. आतून गढूळ तपकिरी पाणी आणि गंजाचा चिखल निघाला.

"दाबलेल्या हवेतून पाणी सुटते," ताराचंद सांगत होता. "ते खाली जमते. म्हणून पोटाले तोटी असते, रोज सोडाले. तुमची कुठे हाय?"

तोटी सापडेना. अपेक्षाने खिळ्याने रंग खरवडत खरवडत एक जागा शोधली. तिथे तोटी नव्हती, एक बोल्ट ठोकून बसवला होता आणि त्याच्यावर सगळ्या वर्षांचा रंग बसला होता. मंगलाबाईंनी वाकून पाहिलं.

"हा त्याईनंच लावला होता," त्या म्हणाल्या. "तोटी थेंब थेंब गळे. हवा वाया जाते म्हणे."

आणि त्यांनी त्या चिरेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. दुसरा वेल्डर माझ्याजवळून हळूच निघून गेला, आपली पेटी न उघडता. ताराचंद नळी गुंडाळत होता. मंगलाबाईच म्हणाल्या, "काय गा, बोर्ड वाचला तुझा."

"तुमची पाठ वाचली तं बोर्ड कोणता मोठा," तो म्हणाला.

पण खरी परीक्षा त्यानंतर होती, असं मला वाटतं. दिघोरीहून भैयाजी नावाचे एक पंक्चरवाले आले. दिघोरी मंगलाबाईंचं माहेर. त्यांना टाकी फाटल्याचं कळलं होतं.

"बाई, मले द्या ते टाकी," ते म्हणाले. "बाकीचं लोखंड चांगलं हाय. खालून नवीन पत्रा बसवून घेतो. भंगारवाल्यापेक्षा जास्त देतो. अन् परसरामभाऊची आठवण आपल्याच माणसात राहीन."

धंद्याचे दिवस हातचे गेलेले, नवी टाकी घ्यायची होती, आणि हा माणूस जास्त द्यायला तयार. शिवाय टाकी कापायची नाही, मोडायची नाही. मला वाटलं त्या हो म्हणतील.

मंगलाबाई म्हणाल्या, "भैयाजी, तुमच्या दुकानात हवा भराले कोण येते?"

"सारं गाव येते."

"माझ्या भावाचे पोरं येतेत काय?"

"येतेत ना. रोजचेच."

"मंग तुमाले नाही देत. भंगारवाल्यालेही नाही देत. तो कोणालेतरी अशीच विकन."

भैयाजी नाराज झाले. "माहेरच्या माणसाले नाही म्हणता?"

"माहेरचे हाय म्हणूनच. चहा घेऊन जा."

त्या दिवशी दुपारी त्यांनी ताराचंदला टाकी लांबीच्या बाजूने मधोमध कापायला लावली. तो म्हणाला, "बाई, पुन्हा विचार करा. परसरामभाऊची वस्तू हाय." त्या म्हणाल्या, "वस्तू त्याईची हाय. माणसं सगळ्याईचे हायेत. काप." तो कापत होता तोवर त्या आत बसून राहिल्या. बाहेर आल्या नाहीत. आवाज थांबल्यावर आल्या, दोन भाग पाहिले. खालचा भाग भंगारात गेला, कारण आता त्याची टाकी कोणालाच करता येणार नव्हती. वरचा धड अर्धा त्यांनी ठेवून घेतला, ताराचंदकडून तो उताणा करून तोंड बुजवून घेतलं, खाली पाय लावून घेतले आणि त्यात पाणी भरलं. पंक्चर शोधायला ट्यूब बुडवायची ती घमेल्याऐवजी आता त्यात. "इतके दिवस स्वतःचं भोक लपवलं," त्या टाकीच्या त्या तुकड्याला म्हणाल्या, "आता दुसऱ्याईचे शोध."

तो सीझन त्यांचा वाया गेला. पंक्चर जोडून द्यायच्या आणि मोठ्या गाड्यांना हवेसाठी पुढे पेट्रोल पंपावर पाठवायच्या. बचत गटातल्या बायकांनी हात दिला आणि उन्हाळा लागता लागता नवी टाकी आली. तपासणीची पितळी पाटी लावलेली होती. ताराचंदने ती तीनदा वाचली. मंगलाबाईंनी टाकी दुकानाच्या मागे, विटांच्या आडोशाला ठेवली. आत फक्त नळी येते. थंडीत त्या मला म्हणाल्या, "काकाजी, शेगडी गेली जी आपली." मी कातरणं जोडून एक छोटी गादी शिवून दिली, स्टुलावर पाठीमागे लावायला. त्या म्हणाल्या, "गरम नाही तेवढी. पण चालन."

नवी टाकी आली त्या दिवसापासून दुकान उघडलं की पहिलं काम तोटी सोडायचं. फिस्स आवाज व्हायचा, थोडं तांबडं पाणी मातीत पडायचं, मग तोटी बंद. मग बाकीचं. त्यांचं पाहून शेजारचा ट्रकचे ब्रेक दुरुस्त करणारा सोडायला लागला, पलीकडचा गाडी धुणारा सोडायला लागला. आता सकाळी आमच्या रांगेतून चालत गेलात तर एकेका दुकानातून फिस्स, फिस्स ऐकू येतं.

रंग त्यांनी सोडला नाही. विजयादशमीच्या आधी रंग द्यायचाच. पण आता त्याच्या आधी जुना रंग खरवडायचा, हातोडीने पोट ठोकून ऐकायचं, आणि प्लंबरचा तो पंप आणून पाणी भरून दाब द्यायचा. पहिल्या वर्षी फक्त त्यांची टाकी तपासली. दुसऱ्या वर्षी रांगेतल्या सगळ्यांनी आपापल्या टाक्या बाहेर काढल्या. आमच्या दसऱ्याच्या आणि त्यांच्या विजयादशमीच्या तयारीत तो एक दिवस आता ठरून गेला आहे. ताराचंद पंप मारतो, बाकीचे लांब उभे राहून त्याची चेष्टा करतात. एकदा गाडी धुणाऱ्याची टाकी गेली, चर्र करून, त्या दिवसासारखीच. तो हळहळला. मंगलाबाई त्याला म्हणाल्या, "रडतो कायले? गेली ते टाकी गेली. तू उभा हायेस ना इथे ओला होऊन?" त्याच्या पुढच्या वर्षी भैयाजीही दिघोरीहून आपली टाकी ट्रॅक्टरवर टाकून घेऊन आले. मंगलाबाईंनी त्यांच्यासाठी वेगळा चहा ठेवला. त्यांची टाकी टिकली.

मागच्या उन्हाळ्यात मंगलाबाई रुचिताकडे शहापूरला गेल्या होत्या. तिथे एका पहाटे झोपेतच गेल्या. रुचिता सांगत होती, रात्री नीट जेवल्या, नातवाला रागावल्या आणि झोपल्या. वय झालं होतं. जीवनने आता ट्रक सोडला आहे. दुकान अपेक्षा चालवते, तो मदत करतो, म्हणजे तसं तो म्हणतो. मी सकाळी शटर उघडतो तेव्हा पत्र्यापलीकडून फिस्स आवाज येतो आणि मला बरं वाटतं. एखाद्या माणसाला यापेक्षा जास्त ओळखायला हवं होतं, हे खरं. पण त्या शेवटची सगळी वर्षं धडधाकट पाठीने जगल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शहापूरला जायच्या दिवशी त्या पिशवी घेऊन माझ्या दुकानाशी थांबल्या. बस यायची होती. मी मशीनवर होतो.

"काकाजी, माझे ब्लाऊज झाले काय?"

"एक झालं. दुसऱ्याच्या बाह्या राहिल्या."

"मंग बाह्या थोड्या ढिल्या ठेवजा. मागच्या वेळी दंडात घट्ट झाल्या होत्या."

"ठेवतो."

"अन् घाई नाही. आल्यावर नेईन."

"बरं," मी म्हणालो.